अस्सल एक, नकला दोन

जून महिन्यात शाळा उघडल्या, की कोणत्याही खेड्यातील शाळेच्या कार्यालयात एक देखावा हमखास पाहावयास मिळतो. बाकावर कोणी आजोबा टोपी मांडीवर ठेवून बसलेले असतात. नातीच्या जातीच्या दाखल्यासाठी त्यांना स्वतःच्या शाळेतील नोंदीचा उतारा हवा असतो. लेखनिक जनरल रजिस्टराची कोपरे झिजलेली जाड वही काढतो, नावांवरून बोट फिरवीत जातो, आणि एका ठिकाणी ते थांबते. आजोबांचा जीव भांड्यात पडतो. त्या एका ओळीवर नातीचा प्रवेश, तिची शिष्यवृत्ती आणि उद्याची नोकरीही अवलंबून असू शकते.

ही ओळ नाहीशी झाली तर काय, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. कारण अशा ओळी आता वहीतून संगणकात चालल्या आहेत.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतो. आमच्या भागात एक शिक्षणसंस्था आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. चार गावांत तिच्या चार शाळा, एक वसतिगृह आणि तालुक्याच्या गावी मुख्य कार्यालय. एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि मुख्य कार्यालयातील संगणक बंद पडला तो पडलाच. अध्यक्षांनी विचारले, "बॅकअप आहे ना?" लेखनिक म्हणाले, "आहे की! रोज डी ड्राइव्हमध्ये ठेवतो." आता डी ड्राइव्ह म्हणजे त्याच डब्यातील त्याच डिस्कचा दुसरा कप्पा. घराला आग लागली असता दागिने पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवावेत, तशातलाच हा प्रकार! जनरल रजिस्टराच्या कागदी वह्या सुदैवाने शाबूत होत्या. त्यांवरून दोन माणसांनी अख्खी दिवाळीची सुटी खर्चून नोंदी पुन्हा भरल्या. मात्र तीन वर्षांचे वसतिगृहाचे हिशेब संगणकाखेरीज कोठेच नव्हते. ते गेले ते गेलेच.

मग संस्थेने एक समिती नेमली. सर्व ठिकाणच्या संगणकांसाठी बॅकअपचे सॉफ्टवेअर निवडावयाचे, हे तिचे काम. संगणक तरी एका जातीचे कोठे होते! कार्यालयात विंडोज, एका शाळेच्या प्रयोगशाळेत लिनक्स, चित्रकलेच्या शिक्षकांपाशी मॅक, आणि वसतिगृहात एक म्हातारे यंत्र, ज्याला नवे काही सोसतच नव्हते. या समितीत मलाही घेतले. मी म्हटले, "मी इतिहास शिकवणारा माणूस, माझे इथे काय काम?" अध्यक्ष म्हणाले, "सर, जुने कागद कसे टिकले हे तुम्हालाच ठाऊक."

बोलणे विनोदाचे खरे, पण मला ते पटले. हा प्रश्न नवा नाही. यंत्र तेवढे नवे आहे.

आपल्याकडचेच पाहा. मराठेशाहीत एखाद्याला जमीन इनाम मिळाली, म्हणजे एकच कागद लिहून काम भागत नसे. इनामदाराला सनद मिळे. शिवाय परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना, गावच्या मोकदमाला आणि सरकारी अंमलदाराला निरनिराळी पत्रे जात. त्या पत्रांतून पुष्कळदा अशीही आज्ञा असे, की याची प्रत उतरून दप्तरी ठेवावी आणि अस्सल पत्र इनामदाराला भोगवट्यासाठी परत द्यावे. गावचे दप्तर कुलकर्ण्यापाशी, परगण्याचे देशपांड्यापाशी. एकाने आकडा फिरवला तर दुसऱ्याच्या दप्तराशी ताडून पाहता येई, आणि एकाचा वाडा जळाला तर दुसऱ्याच्या रुमालात कागद सापडे. आज इतिहाससंशोधकाला एखाद्या सनदेची अस्सल प्रत मिळत नाही, पण नक्कल दुसऱ्याच घराण्याच्या दप्तरात मिळते, ती या रीतीमुळेच.

या रीतीतील तीन गोष्टी ध्यानात ठेवा. प्रती अनेक होत्या, त्या निरनिराळ्या जागी होत्या, आणि निरनिराळ्या माणसांच्या हाती होत्या. कागदाचा प्रकार कोणता, शाई कोणाची, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता याच्या उलट उदाहरण घेऊ. ते आहे अमेरिकेतील. सेंट लुईस शहराजवळ सैनिकांच्या सेवापुस्तकांचे एक प्रचंड सरकारी दप्तर होते. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर त्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. ती पूर्ण विझावयास चार दिवसांहून अधिक काळ लागला. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली जळून गेल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मचित्रफीत नव्हती, इतकेच काय, तेथे कोणाकोणाच्या फायली होत्या याची सूचीही नव्हती. ज्याने युद्धात पाय गमावला त्याला उपचार आणि निवृत्तिवेतन मागताना, मी सैन्यात होतो, हेच पुन्हा सिद्ध करावे लागले. पुढे अनेकांच्या फायली पुन्हा उभ्या करण्यात आल्या, त्या कशावरून? पगाराच्या नोंदी, निरनिराळ्या कचेऱ्यांत पडलेले अर्ज, पलटणींची दैनिक पत्रके, असल्या अन्यत्र उरलेल्या कागदांवरून. दुसऱ्या जागी जे होते तेवढेच वाचले. आपल्या मुंबईत २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, तेव्हा जीवितहानीबरोबर फायलींची राख झाली, हे पुष्कळांना आठवत असेल.

आता संगणकाकडे वळू. १९५१ साली अमेरिकेत युनिव्हॅक नावाचा संगणक वापरात आला. त्याची माहिती धातूच्या फितीवर लिहिली जाई. १९५२ साली आयबीएम कंपनीने प्लॅस्टिकच्या चुंबकीय फितीचे यंत्र आणले. त्याच्या एका रिळात साधारण २ मेगाबाइट माहिती मावे. आजच्या फोनवरील एक छायाचित्रही पुष्कळदा त्याहून मोठे असते. पण त्या फितीने एक सोय केली. फीत यंत्रातून काढून दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवता येई. त्यातूनच फिती फिरवण्याची एक पद्धत रूढ झाली. तिला इंग्रजीत आजा-बाप-लेक अशाच अर्थाचे नाव आहे. रोजची प्रत म्हणजे लेक, आठवड्याची म्हणजे बाप, महिन्याची म्हणजे आजा. आज सकाळी चूक झाली तर लेकाकडे जा; चूक पंधरा दिवसांपूर्वीची निघाली तर लेकही चुकीचा आणि कदाचित बापही, मग आज्याकडे जा. घरात तीन पिढ्या नांदत असल्या म्हणजे जुनी गोष्ट कोणाला तरी आठवतेच!

संगणक एका खोलीत एकच होता तोवर हे सोपे होते. १९८० नंतर मात्र संगणक टेबलाटेबलावर आले. कंपन्या निरनिराळ्या, रीतीभाती निरनिराळ्या. जो पेच आमच्या संस्थेपुढे होता तो जगातील विद्यापीठांपुढे तेव्हाच उभा राहिला. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या आरंभी अमांडा नावाची प्रणाली तयार झाली. एका मध्यवर्ती यंत्राने रात्री जाळ्यातील अनेक संगणकांना पाळीपाळीने हाक मारावी आणि त्यांची माहिती एका फितीवर उतरून घ्यावी, अशी तिची योजना होती. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल याने १९९१-९२ मध्ये ज्या कामाला हात घातला, त्यातून सांबा हे सॉफ्टवेअर पुढे आले, आणि युनिक्स व विंडोज ही दोन निराळ्या बोलींची यंत्रे एकमेकांच्या फायली वाचू लागली. याच गृहस्थाने १९९६ साली पॉल मॅकेरस यांच्यासह आरसिंक हे साधन प्रसिद्ध केले.

या आरसिंकची युक्ती शिक्षकांना विशेष आवडेल. समजा, एकाच हिशेबवहीच्या दोन प्रती दोन गावांत आहेत. एका प्रतीत काही बदल झाले. सगळी वही पाठवावयाची काय? नव्हे. प्रत्येक पानाची बेरीज फोनवरून सांगावयाची, आणि ज्या पानाची बेरीज जुळत नाही तेवढेच पान पाठवावयाचे. संगणक नेमके हेच करतो.

याचा उपयोग केवढा, ते गणिताने पाहू. एका शाळेत ५०० गिगाबाइट माहिती आहे आणि तिचे इंटरनेट सेकंदाला १० मेगाबिट या वेगाने माहिती वर पाठवते. सर्व माहिती पाठवावयास सुमारे १११ तास, म्हणजे साडेचार दिवसांहून अधिक वेळ लागेल, तोही वीज एकदाही गेली नाही तर! उलट दिवसाकाठी बदललेली १ गिगाबाइट माहितीच पाठवली, तर सुमारे सव्वातेरा मिनिटांत काम होते. तेव्हा पहिली पूर्ण प्रत डिस्कवर घेऊन एस.टी.ने न्यावी, आणि पुढचे बदल तेवढे तारेवरून पाठवावेत.

पुढे २००१ साली बॅकअपपीसी आणि २००२ साली बॅकुला अशी मोफत सॉफ्टवेअरे आली. बॅकुलात प्रत्येक संगणकावर एक छोटा मदतनीस बसवावा लागतो आणि मध्यवर्ती यंत्र त्याला हुकूम देते. बॅकअपपीसी बहुधा असा निराळा मदतनीस न बसवता, त्या त्या यंत्राला ठाऊक असलेल्या बोलीतच माहिती मागून घेते. शिवाय एकच परिपत्रक पाच संगणकांवर असले, तरी ते एकदाच साठवते.

आमच्या समितीत येथपर्यंत चर्चा आली आणि नावांवरून वाद सुरू झाला. एक म्हणे हे घ्या, दुसरा म्हणे ते घ्या. तेव्हा मी त्यांना आणखी तीन हकीकती सांगितल्या.

पहिली १९९८ सालची. पिक्सार कंपनी 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार करीत होती. कोणाच्या तरी हातून फायली पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली गेली आणि चित्रपटाचा बहुतांश भाग नाहीसा झाला. बॅकअप पाहावयास गेले तर तो नीट निघालेला नव्हता. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत निघाली. तिने चित्रपट वाचवला. कंपनीच्या बंदोबस्ताने जे साधले नाही, ते घरच्या प्रतीने साधले.

दुसरी हकीकत ३१ जानेवारी २०१७ ची. गिटलॅब ही सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांची सोय पाहणारी कंपनी. तेथे एका अभियंत्याने रात्री चुकीच्या यंत्रावरील माहिती पुसली. बॅकअपचे पाच उपाय योजलेले होते. पाचांपैकी एकही धडपणे कामास आला नाही. एका उपायात नक्कल काढणारे साधन एका आवृत्तीचे आणि माहितीसाठा दुसऱ्या आवृत्तीचा, म्हणून नक्कल निघतच नव्हती. तशी सूचना ईमेलने जात असे, पण ती पत्रेही वाटेतच नाकारली जात होती. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत सापडली, म्हणून सहा तासांचेच नुकसान झाले.

तिसरी अगदी अलीकडची. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्राला आग लागली. सरकारी नोकरांच्या कामाच्या फायली ठेवण्याचा ८५८ टेराबाइटचा एक साठा त्यात नष्ट झाला. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. एवढे प्रगत राष्ट्र, आणि चूक मात्र आमच्या लेखनिकाचीच!

या हकीकतींवरून समितीने नावांचा वाद बाजूला ठेवला आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला विचारावयाचे प्रश्न आधी ठरवले. तेच आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न असा, की आपल्याकडील प्रत्येक जातीच्या संगणकावर हे चालते काय? एक यंत्र जरी बाहेर राहिले, तरी नेमके तेच बिघडावयाचे. लिनक्सवर 'Nikal' आणि 'nikal' या, पहिले अक्षर मोठे की लहान एवढ्याच फरकाच्या, दोन निराळ्या फायली असू शकतात; विंडोज सामान्यतः त्यांना एकच समजते. असल्या बारकाव्यांत फायली हरवतात. दुसरा प्रश्न, हिशेबाची फाइल उघडी असताना तिची धड प्रत निघते काय? लिहिता लिहिता कोणी पान ओढून घ्यावे, तशी अर्धवट प्रत काय कामाची!

तिसरा प्रश्न, जुन्या पिढ्या राखते काय? येथे एक मोठी गैरसमजूत आहे. पुष्कळ जण दोन जागच्या फायली सारख्या ठेवणाऱ्या सेवेलाच बॅकअप समजतात. ती आरशासारखी असते. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. जुन्या आवृत्त्या वेळेत शोधून काढल्या नाहीत, तर हाती काही राहत नाही. चौथा प्रश्न, एखादी प्रत यंत्रापासून तोडून ठेवता येते काय? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनमधील रुग्णालयांचे संगणक कोंडले. असे विषाणू जोडलेल्या डिस्कही सोडत नाहीत. आणि फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या जीमेलमध्ये सॉफ्टवेअरच्या दोषाने ०.०२ टक्के लोकांची पत्रे नाहीशी झाली. निरनिराळ्या ठिकाणच्या चालू प्रतींनाही तो दोष बाधला. पत्रे परत मिळाली ती कपाटातील जुन्या चुंबकीय फितींवरून. १९५० च्या दशकातील युक्ती २०११ मध्ये उपयोगी पडली!

या सर्वांचे सार एका सोप्या नियमात बसते. पीटर क्रॉग या अमेरिकी छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी. आपल्या दप्तरी भाषेत सांगावयाचे तर अस्सल एक आणि नकला दोन. त्यांतील एक नक्कल परगावी.

संस्थेने मग काय केले? मुख्य कार्यालयातील एका जुन्या संगणकावर लिनक्स घातले आणि त्यावर मोफत सॉफ्टवेअर बसवले. ते रोज रात्री सर्व शाळांतील बदल गोळा करते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका डिस्कवर कुलूपबंद नक्कल काढून ती सर्वांत दूरच्या शाळेच्या लोखंडी कपाटात ठेवतात. कुलूप म्हणजे सांकेतिक शब्द. तो लखोट्यात घालून दोन जबाबदार माणसांपाशी दिला आहे, कारण मुलांची माहिती रस्त्यात हरवलेल्या डिस्कवरून कोणी वाचता कामा नये, आणि शब्द विसरल्याने आपल्यालाही ती बंद होता कामा नये.

एवढे झाल्यावर आम्ही परीक्षा घेतली. एका शाळेतील २००९ सालची फाइल दुसऱ्या शाळेतील संगणकावर परत आणून दाखवा, असे सांगितले. फाइल आली, उघडली, आणि पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे! काय झाले होते? ती फाइल युनिकोडपूर्व पद्धतीच्या जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेली होती, आणि तो फाँट या संगणकावर नव्हता. मला लगेच मोडी लिपीची आठवण झाली. कागद दप्तरात सुरक्षित आहेत, पण वाचणारा मिळत नाही, ही आपली जुनीच व्यथा आहे. पुढच्या महिन्यात जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलून घेतल्या आणि ते फाँटही नकलेत ठेवले. परीक्षा घेतली नसती, तर हे आम्हाला कळले असते ते संकटाच्या दिवशी.

श्रोतेहो, सॉफ्टवेअरे बदलतील. आज मी घेतलेली नावे आणखी काही वर्षांनी कदाचित कोणी घेणारही नाही. पण ज्या नकलेवरून अस्सल पुन्हा उभे करून पाहिलेले नाही, तिच्यावर विसंबू नये, हे मात्र बदलणार नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या शाळेच्या कार्यालयात येत्या सोमवारी जा आणि तीन गोष्टी विचारा. जनरल रजिस्टराची नक्कल कोठे आहे? ती या इमारतीच्या बाहेर आहे काय? आणि मला एक नाव आत्ता त्या नकलेतून काढून दाखवाल काय? तिन्ही उत्तरे मिळाली तर लेखनिकांना चहा पाजा. न मिळाली तर रागावू नका; त्यांच्याबरोबर बसा आणि त्याच दिवशी पहिली नक्कल काढा. पुढच्या जूनमध्ये बाकावर कोणी आजोबा टोपी मांडीवर ठेवून बसतील, तेव्हा त्यांची ती ओळ कोठे तरी असली पाहिजे.